फोटोतल्या माणसाची कैफियत

फोटो चांगले कसे काढावेत यावर नवशिक्यांना सल्ला देणारी माणसं आपल्याकडे उदंड आहेत. हे सगळे सल्लागार कॅमेऱ्यामागचे. कॅमेऱ्यापुढे जो उभा असतो त्याचं म्हणणं अद्याप कोणी मागवलेलं नाही. मी त्या पुढच्या पक्षातला. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठीशांत, सहल, गणपती आणि शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली की तिच्या बॉनेटला हात लावून, असा मी वर्षानुवर्षं उभा आहे. या सेवेचा पुरावा म्हणून जे फोटो जमले आहेत त्यांत मी काळा, गुलाबी, तिरका, फुगीर, धूसर, डोळे मिटलेला आणि घोट्यापाशी तोडलेला आहे. प्रत्यक्षात मी बरा दिसतो. निदान दाढी करताना आरशात तरी तसं वाटतं, आणि आरशाचा माझ्यात काही हितसंबंध नाही.

म्हणून ही कैफियत. नवशिक्यांनी ती मार्गदर्शन म्हणून वाचली तरी माझी हरकत नाही.

सुरुवात भिंगापासून करतो. आमच्याकडे समारंभात फोटो काढायचं काम पुतण्याकडे असतं, कारण त्याचा फोन सर्वांत महाग आहे. हा फोन दिवसभर त्याच्या हातात असतो. त्याच हाताने तो बटाटेवडा खातो, केसांना जेल लावतो, सत्यनारायणाचा प्रसाद घेतो आणि मग फोन सावरताना तेच बोट मागच्या भिंगावर टेकवतो. भिंग करंगळीच्या नखाएवढं. त्यावर साजूक तुपातल्या शिऱ्याचा एक ठसा उमटला की पुढचं काही सांगायला नको. समईच्या पाच वाती मिळून एकच पांढरा डाग होतो, ट्यूबलाइटमधून रेघा निघतात आणि माझ्या डोक्यामागे असं तेजोवलय येतं की तो फोटो पोथीत घालावा.

“काका, कॅमेरा गेला बहुतेक,” पुतण्या म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याने शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेलं आहे. चष्मा पुसायचं मऊ कापड या कामाला उत्तम, आणि ते माझ्या खिशात कायम असतं. मी ते पुढे करतो. तो घेतो, फोनचा पुढचा पडदा लख्ख पुसतो आणि आभार मानून परत देतो.

मग नव्या फोनची चर्चा निघते. नव्या फोनला २०० मेगापिक्सेल असतात. वास्तविक असा फोन नेहमीच्या वापरात शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र धरून त्यांचा एक करतो आणि तुमच्या हातावर साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. कमी उजेडात याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण अल्बममध्ये लावायची ४ बाय ६ इंचांची प्रत नीट छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. उरलेल्या पिक्सेलांचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. शिऱ्याचा ठसा मात्र त्यांच्यामुळे फार तपशीलवार येतो.

पिक्सेल आणि समाधान यांचा संबंध किती, हे या धंद्याच्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो १०० बाय १०० ठिपक्यांचा, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. सॅसनने प्रयोगशाळेतल्याच एका तंत्रज्ञ बाईंना समोर उभं केलं. टीव्हीच्या पडद्यावर बाईंचे केस उमटले, मागची पार्श्वभूमी उमटली. चेहऱ्याच्या जागी नुसता गोंधळ. बाईंनी पाहिलं, अजून सुधारणा हवी अशा अर्थाचं काही म्हणाल्या आणि आपल्या कामाला निघून गेल्या. पुढे चूक सापडून चेहरा दिसू लागला, पण बाईंची तक्रार आमच्या पक्षाच्या इतिहासात नोंदली गेली. त्यानंतर पिक्सेल वीस हजार पटींनी वाढले आहेत. तक्रारीत फरक पडलेला नाही.

आता व्ह्यू. कुठेही गेलो की आमच्या मंडळींना आधी व्ह्यू सापडतो, आणि मग त्या व्ह्यूला पाठ करून मला उभं करतात. व्ह्यू म्हणजे मावळता सूर्य, हॉटेलची भली मोठी खिडकी किंवा सिंहगडावरून दिसणारं लखलखीत आकाश. कॅमेरा मुळात भोळा. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडं असणार, एवढंच तो धरून चालतो. फोटोग्राफीच्या पुस्तकांत या करड्याला १८ टक्क्यांचा करडा म्हणतात. आपल्याला त्यावरून जीएसटी आठवतो, आणि शेवटी भुर्दंड कोणाला याबाबतीत दोन्हींत फरक नाही. मागे एवढं झगझगीत आकाश पाहून कॅमेरा दचकतो आणि सगळंच दृश्य काळोखं करून टाकतो. आकाश अप्रतिम येतं. माझा कोळसा होतो. कोणता शर्ट घातला होता हे फक्त धोब्याला सांगता येईल.

यावरचा उपाय फुकट आहे, म्हणूनच कदाचित कोणी करत नाही. पडद्यावर माझ्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं. तिथे चौकोन उमटतो, शेजारी बहुतेक फोनमध्ये एक छोटा सूर्य दिसतो, तो बोटाने वर सरकवला की चेहरा उजळतो. मागचं आकाश पांढरं पडतं. पडू दे. आकाशाला घरी जाऊन कोणाला तोंड दाखवायचं नसतं. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे मला अर्धं वळवायचं, खिडकी पाठीमागे न ठेवता बाजूला घ्यायची. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर हलकी सावली. खिडकीशेजारी बसलेला कोणताही सामान्य मनुष्य असा विचारवंत दिसतो. मी हे सुचवून पाहिलं आहे. “पण काका, मग व्ह्यू नाही येणार,” हे उत्तर ठरलेलं.

याच भोळेपणाची दुसरी बाजू वारीत दिसते. दिंडीतली सगळी मंडळी पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, पांढऱ्या टोप्यांत, चौकट पांढऱ्याने भरलेली. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. तो पांढऱ्याचा करडा करतो आणि नुकतेच इंद्रायणीत धुतलेले सदरे महिनाभर न धुतल्यासारखे दिसतात. तिथेही तो छोटा सूर्य जरा वर सरकवावा लागतो: अंधार आहे म्हणून नव्हे, पांढरं फार आहे म्हणून. हे उलटं गणित पुतण्याला पटत नाही. त्याचं म्हणणं, ऊन तर कडक आहे.

ऊन कडक असण्याबद्दल तर बोलायलाच हवं. पुण्यात मेच्या मध्यावर, साधारण १३-१४ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. हौशी मंडळी बाटल्या-डबे उभे करून शून्य सावली दिवस साजरा करतात. लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत आणि मुहूर्त बरेचदा त्याच वेळेचा. खांबाची सावली जात असेल, माझ्या भुवयांची जात नाही. ती डोळ्यांच्या खोबणीत उतरते, नाकाची ओठावर पडते, टक्कल पांढरं फटफटीत होतं. अक्षता टाकताना मी आनंदात होतो, यावर फोटो पाहून कोणाचाही विश्वास बसणार नाही. चेहऱ्यावर बारा वाजलेले, आणि घड्याळातही.

खरं तर आपल्या शास्त्रात गोरज मुहूर्त नावाची उत्तम सोय आहे. गायी परतायची वेळ, हवेत धूळ, ऊन तिरपं आणि मऊ. या तासाभरासाठी जगभरचे फोटोग्राफर तिपाया खांद्यावर टाकून डोंगर चढतात. आपल्याकडे तो पंचांगात छापून मिळतो. पण त्या वेळेला कार्यालय दुसऱ्या पार्टीच्या रिसेप्शनला दिलेलं असतं.

तेव्हा भर दुपारीच फोटो काढायचा तर माणसाला सावलीत घ्यावं, सावलीच्या कडेपाशी, तोंड उजेडाकडे करून. झाडाखाली नको, पानांतून कवडसे पडतात आणि गालावर पांढरे चट्टे उठतात. मांडवात घ्यावं, तर मांडवाचं कापड गुलाबी. त्यातून गाळून येणारा उजेड गुलाबी, आणि खालची हिरवी मॅट आपला हिरवा उजेड वर फेकते. आमचे एक व्याही अशा मांडवात उभे होते. फोटोत त्यांचं डोकं गुलाबी, हनुवटी हिरवी, आणि मधला भाग दोन्ही पक्षांना मान्य होईल असा. त्यांना वाटलं, मुद्दाम केलं. कॅमेऱ्याने काहीच केलेलं नव्हतं. उजेड तसाच होता. आपल्या डोळ्यांची मेंदू समजूत घालतो, कॅमेऱ्याची ती घालणारं कोणी नसतं. फोनमधलं व्हाइट बॅलन्स थोडंफार सावरून घेतं, पण डोक्याला एक आणि हनुवटीला एक असे दोन न्याय त्याला देता येत नाहीत.

माझं नाक हा वेगळ्या परिशिष्टाचा विषय आहे. ते मोठं नाही. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य पकडणारा असतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत सुमारे २४ ते २६ मिलिमीटरची लेन्स. चेहरा चौकटीत मोठा यावा म्हणून माझी भाची फोन माझ्या तोंडापासून दीड फुटावर आणते. दीड फूट म्हणजे १८ इंच. नाकाचं टोक कानापेक्षा चार-साडेचार इंच पुढे. म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबी नाक कानापेक्षा साधारण एक पंचमांशाने जवळ आलं. ते त्या मानाने फुगतं आणि कान बिचारे मागे राहतात. तीच भाची सहा-सात फूट मागे गेली आणि दुपटीचं किंवा तिपटीचं बटण दाबलं, तर नाक-कानातला तो चार इंचांचा फरक नगण्य होतो आणि चेहरा चेहऱ्यासारखा येतो. गौतम राजाध्यक्षांनी काढलेली व्यक्तिचित्रं पाहा. तिथे नाक नाकाएवढं असतं. पण मागे जायचं म्हणजे सोफ्यावरून उठावं लागतं.

याच भाचीला जिथे जवळ जायला हवं तिथे मात्र ती जागची हलत नाही. गॅदरिंगमध्ये भाऊ नाचत असतो, ही शेवटच्या रांगेत, दोन बोटांनी पडदा ताणत. फोनला खरी दूरची लेन्स जेवढ्या पटीची असेल तेवढ्यापुरतं ठीक. त्यापुढे ताणलेलं चित्र म्हणजे मधला तुकडा कापून फुगवलेला. त्यात दिसणारी आकृती भाऊ आहे की माइकचा स्टँड, यावर घरात अजून दोन मतं आहेत. चार रांगा पुढे जागा रिकामी होती. मी तिथेच बसलो होतो.

रुंद लेन्सचा तिसरा प्रताप समूहफोटोत. चौकटीच्या कडेला जे असतात ते बाहेरच्या अंगाला ताणले जातात, रुंद दिसतात. मधल्यांना काही होत नाही. मध्ये वधू-वर, त्यांच्या शेजारी विहीणबाई, मग मामा, आत्या, मग ज्यांनी चांगला आहेर केला ते. “काका, तुम्ही जरा कडेला.” जायचं. मी सडपातळ माणूस आहे. कुटुंबाच्या संग्रहात मात्र दोन माणसांची जागा घेणारा एक गृहस्थ कायम उजव्या कडेला आढळतो. पुतण्याने चार पावलं मागे जाऊन दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली तर माझं वजन तिथल्या तिथे उतरेल. मागे बहुधा खुर्च्यांची थप्पी असते.

क्षितिजाबद्दल थोडक्यात. आमच्या गुहागरच्या सगळ्या फोटोंत अरबी समुद्र डावीकडे कललेला आहे, आणि त्याचं पाणी कर्नाटकाला मिळत असणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केलं की पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. त्यातली एक समुद्राच्या कडेशी जुळवली की काम झालं. पुतण्याने ग्रिड चालू केलं. पण त्याच सुमारास त्याने तृतीयांशाचा नियमही वाचला. मुख्य विषय मधोमध न ठेवता एक तृतीयांशावर ठेवावा, हा नियम जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल तो लिहून ठेवला. त्यात माझा संबंध येण्याचं कारण नव्हतं. तरी आता मी प्रत्येक फोटोत डाव्या तृतीयांशावर असतो आणि तोंडही डावीकडेच. चौकटीबाहेर काहीतरी मोलाचं चाललंय आणि मी ते पाहतोय. माझ्या पाठीमागे दोन तृतीयांश वाळू. नजर ज्या बाजूला आहे त्या बाजूला जागा सोडायची असते, हे त्या नियमाचं पुढचं वाक्य. ते वाचेपर्यंत सहल संपली.

माझ्या डोक्यातून आजवर विजेचा खांब, नारळाचं झाड आणि जेजुरीला दीपमाळ उगवलेली आहे. एक पाऊल बाजूला सरकलं तरी ती परत जागेवर जाते. पायांचं म्हणाल तर घोट्यापाशी किंवा गुडघ्यापाशी माणसाला कापू नये. कापायचंच तर मांडीच्या मध्यावर किंवा कमरेशी, म्हणजे अपघात वाटत नाही. लहान मुलांचे आणि खाली बसलेल्यांचे फोटो खाली बसून काढावेत. पुतण्या सहा फुटी आहे. त्याने काढलेल्या पंगतीच्या फोटोंत नुसते भांग दिसतात.

आता समूहफोटोचा मुख्य विधी. वेळ जेवणानंतरची. सगळ्यांना ओळीत उभं करण्यात अर्धा तास गेलेला असतो. उंच मागे, बुटके पुढे, रुसलेले बाहेर. पुतण्या फोन आडवा धरतो, उभा धरतो, परत आडवा धरतो. “स्माईल! वन, टू, थ्री...” म्हणतो आणि थ्रीनंतर काहीच होत नाही. सगळे हसतायत. पहिल्या सेकंदाला हसू खरं असतं. पाचव्याला ते फक्त दातांचं उरतं. मग एकेक गाल थरथरायला लागतो. मागच्या ओळीतले काका हसू मिटून घेतात, बघतात की अजून झालं नाही, परत पसरतात. कोणीतरी तोंड न हलवता विचारतं, “झालं का?” पुढच्या ओळीतलं बाळ रडतं. आणि तेव्हा पुतण्या फोन खाली घेऊन सांगतो, “अरे, व्हिडिओ चालू होता.” तो व्हिडिओ आमच्याकडे आहे. माणसाचा आनंद कसा संपतो, याचा एवढा सलग पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

यानंतर तो एक, फक्त एक फोटो काढतो. त्यात माझे डोळे मिटलेले असतात. हा माझा दोष म्हणून सांगितला जातो: “काका नेहमी डोळे मिटतात.” माणूस मिनिटाला सरासरी पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, पंधरा माणसं रांगेत असली की दर क्षणी कोणाची ना कोणाची मिटलेली असण्याची शक्यता दांडगी. यावर ऑस्ट्रेलियात दोघांनी रीतसर हिशेब केला आणि त्यासाठी त्यांना २००६ सालचा गणिताचा इग नोबेल मिळाला. आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार. त्यांचा निष्कर्ष असा: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असताना दोनने; तितके फोटो काढले की एक तरी सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांचा मिळतो. म्हणजे पंधरा जणांचे उन्हात पाच, हॉलमध्ये सात-आठ. बटण दाबून ठेवलं किंवा एका बाजूला ओढलं की बऱ्याच फोनमध्ये ओळीने फोटो निघतात, तेवढं काम एका दमात होतं. हा हिशेब मी पुतण्याला वाचून दाखवला. आमच्याकडे माणसं पस्तीस असतात, त्यामुळे तो आपल्याला लागू होत नाही, असं त्याने बरोबर दाखवून दिलं.

फ्लॅश. फोनचा फ्लॅश म्हणजे बारीकसा दिवा. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. दोन-तीन मीटरपुढे तो फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी असतो. तरी लोक त्याने मैदानातला सामना उजळतात, दिवाळीतलं आकाश उजळतात आणि काचेमागच्या गणपतीवर मारून काचेतल्या स्वतःचं दर्शन घेतात. गणपतीच्या मखरात हल्ली स्वस्त एलईडीच्या माळा असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटर फार जलद असेल तर मूर्तीवर आडवे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. हे मी आरतीच्या वेळी पुतण्याला सांगितलं तेव्हा बायकोने माझ्या हातात टाळ दिले.

पण फ्लॅशच्या उपयोगाची परिसीमा मी भंडारदऱ्याला पाहिली. पावसाच्या तोंडावर तिथल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लागतात. नर मादीला खुणावण्यासाठी चमकतात. सगळी बोलणी उजेडाच्या खुणांवर चालतात, म्हणून तिथे टॉर्च लावू नये असं जागोजाग सांगितलेलं असतं. फोटो घ्यायचा तर फोन तिपाईवर किंवा दगडावर टेकवून, शटर बरेच सेकंद उघडं ठेवून, हात न लावता टायमरने. आमच्या मंडळींनी मला झाडासमोर उभं केलं आणि फ्लॅश मारला. फोटोत मी आहे, माझा रेनकोट आहे, मागे झाडाची पानं आहेत, दिवसासारखी स्पष्ट. काजवा एकही नाही. “काका, काजवे नीट आले नाहीत, परत एकदा.” झाडावरची बोलणी तोवर मोडली होती.

नाइट मोडचंही तसंच. तिथे फोन दोन-तीन सेकंदांत अनेक फोटो घेऊन एकमेकांवर जुळवतो, तेवढा वेळ हात स्थिर हवा. कोपर पोटाशी घट्ट धरावं किंवा खांबाला टेकावं. पुतण्या बटण दाबतो आणि लगेच फोन खाली घेऊन फोटो कसा आला ते बघू लागतो. कोकणात तर फोन एसी गाडीतून एकदम बाहेर काढल्यावर भिंगावर दव धरतं. ते पाच-दहा मिनिटांत आपोआप जातं, पण तेवढ्यात सूर्य बुडतो.

सौंदर्य वाढवणाऱ्या फिल्टरबद्दल मी संयमाने लिहितो. माझ्या नाकाच्या उजव्या बाजूला मस आहे. पासपोर्टाच्या अर्जात ओळखीची खूण म्हणून तो नोंदवलेला आहे. भाचीच्या फोनने तो काढून टाकला, सुरकुत्या पुसल्या आणि ओठांना फिकट गुलाबी रंग दिला. पोर्ट्रेट मोडने त्याच वेळी मागचं धूसर करायचं म्हणून माझ्या फेट्याचा तुरा आणि चष्म्याची एक काडी धूसर केली. जो उरला त्याला मी ओळखत नाही. त्याला खूप लाइक्स मिळाले.

एवढं सगळं सोसल्यावर फोटो माझ्यापर्यंत पोहोचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. “पाठवतो,” असं पुतण्या म्हणतो. तो पाठवतो तेव्हा एकाच क्षणाचे डझनभर फोटो येतात, निवडायचं काम माझं. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आहे. मूळ फोटो जसाच्या तसा हवा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. दोनशे मेगापिक्सेलवाला हे करत नाही, कारण त्याचा डेटा जातो. छापून तर कोणी घेतच नाही. वडील गेले तेव्हा फ्रेमसाठी फोटो शोधायला सगळ्यांचे फोन बाहेर निघाले. हजारो फोटो होते. त्यांचा एकट्याचा, समोरून, उजेडात, डोळे उघडे असलेला नव्हता. शेवटी एका मुंजीतल्या समूहातून कापून घेतला. हार घातलेल्या त्या फोटोत त्यांच्या खांद्यावर अजून कोणाचा तरी हात आहे, अंगठीसकट. अंगठी कोणाची, हे ओळखण्यात दहावा-बारावा बरा गेला.

आता पुढच्या मे महिन्यात त्याच नाकवाल्या भाचीचं लग्न आहे. मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा. फोटो पुतण्याच काढणार. व्यावसायिक फोटोग्राफर आहे, पण तो मुख्यतः ड्रोन उडवणार आहे. म्हणून मी परवा कार्यालय बघून आलो. मागच्या बाजूला उत्तरेकडे उघडणारी पडवी आहे. भिंत साधी, फिकट. दुपारी ऊन आत येत नाही, उजेड मात्र भरपूर. माणसांनी भिंतीपासून तीन फुटांवर उभं राहायचं आणि पुतण्याने अंगणातल्या पायरीवर. मी खडूने दोन्हीकडे फुल्या मारल्या आणि व्यवस्थापकांना त्या लग्नापर्यंत पुसू नका म्हणून सांगितलं. ते फुलीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “इथे आइस्क्रीमचा काउंटर लागतो.”

मी म्हटलं, चार फूट सरकवा.

ते म्हणाले, “प्लगपॉइंट तिथेच आहे, साहेब.”